भरंवशाच्या मोटारीचा कंटाळा

आज मी आपणांपुढें एक तक्रार मांडणार आहें, आणि तीही अशा वस्तूविषयीं कीं, जिच्यांत तक्रार करण्यासारखें कांहींच नाहीं. माझी मोटार घाटांत बंद पडली, तिनें मला भर पावसांत उभें केलें, असें सांगणाऱ्या माणसाला ऐकणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांतले निम्मे आपापल्या मोटारींच्या कहाण्या सांगूं लागतात. परंतु "माझी मोटार कधींच बंद पडत नाहीं, आणि म्हणून मला तिचा कंटाळा आला आहे," असें कोणी म्हणालें तर लोक त्याच्याकडे काळजीनें पाहतात. मी तसें म्हणालों होतों. पुढें काय झालें तें सांगावें, आणि त्या निमित्तानें या कंटाळ्याचा थोडा विचार करावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

मी व्यवसायानें शिक्षक. मॅट्रिक होऊन डी. एड्. केलें आणि सातारा जिल्ह्यांतील प्राथमिक शाळांतून मुलांना शिकवीत २०२१ सालीं निवृत्त झालों. २०१२ सालीं माझी बदली यवतेश्वराच्या घाटापलीकडील एका शाळेवर झाली. एस्. टी.ची वेळ आणि शाळेची वेळ यांचें जमेना, म्हणून शिक्षकांच्या पतपेढीचें कर्ज काढून मीं एक लहान, राखी रंगाची मोटार घेतली. तिच्यांत दिमाखदार असें कांहीं नव्हतें. चार माणसें ऐसपैस आणि पांचवें अवघडून बसे. मागें दोन पोतीं तांदूळ मावत. पेट्रोल बेतानें खाई. नऊ वर्षें ती मला घेऊन घाट चढली आणि उतरली. आपणांपैकीं ज्यांनीं तो घाट जुलै महिन्यांत पाहिला असेल त्यांना मी काय म्हणतों तें कळेल. धुकें असें उतरतें कीं, समोरचा बैल अंगावर येईपर्यंत दिसत नाहीं. तशा त्या रस्त्यानें, इतर फिरणें धरून, मोटारीनें एक लाख चोवीस हजार किलोमीटर काटले. या अवधींत दोन वेळां बॅटरी बदलली, दोन वेळां टायर बदलले, ब्रेकची किरकोळ कामें झालीं आणि चार-सहा पंक्चरें निघालीं. एवढाच तिचा दुखण्याचा इतिहास.

अशा मोटारीचा मला कंटाळा आला.

तो कसा आला, तें सांगणें कठीण आहे. तो रोगासारखा एका रात्रींत येत नाहीं. निवृत्तीनंतर सकाळीं कोठें जावयाचें उरलें नव्हतें. मोटार दाराशीं उभी असे, आणि मी ओट्यावरून तिच्याकडे पाहत असें. तिचा राखी रंग मला धुक्यासारखा वाटूं लागला. आमच्या आळींत दोघांनीं उंच बांध्याच्या, रुंद छातीच्या नव्या मोटारी घेतल्या; त्यांतील एकीच्या छताला कांचेची खिडकी होती. कळ दाबली कीं ती खिडकी आपोआप सरके आणि आंत बसल्या बसल्या आकाश दिसे. आकाश तर ओट्यावरूनही दिसत होतें. पण तें मोटारींतून पाहावें असें मला वाटूं लागलें. निवृत्तीच्या वेळीं मिळालेली कांहीं रक्कम बँकेंत ठेवलेली होती. मीं कागदावर आंकडेमोड केली आणि तो कागद सौभाग्यवतीपुढें ठेवला.

तिनें तो शेवटपर्यंत वाचला व शांतपणें म्हणाली, "अहो, आपल्या घराच्या छताला खिडकी आहेच कीं. पावसाळ्यांत उघडीच असते."

आमच्या माजघराचें छत गळतें हें तिनें यापूर्वीं मला निदान तीन पावसाळे सांगितलें होतें. मीं कागदाची घडी करून खिशांत ठेवली. परंतु मनांतली मोटार कांहीं खिशांत मावेना.

अशा वेळीं शिक्षकाचा स्वभाव असा कीं, आपल्या मनाचा कल दुसऱ्या कोणाचा होता कीं काय, तें तो पुस्तकांत शोधूं लागतो. मला तो सांपडला, आणि एका माणसांत नव्हे तर सबंध एका देशांत सांपडला. अमेरिकेंत हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यानें १९०८ सालच्या ऑक्टोबरांत 'मॉडेल टी' नांवाची मोटार विक्रीस आणली. आरंभीं तिची किंमत ८५० डॉलर होती. चार सिलिंडरांचें, वीस अश्वशक्तीचें साधें एंजिन; पुढें जाण्याचे गिअर दोन, मागें येण्याचा एक. पेट्रोल ओढून घेणारा पंप तिला नव्हता. टांकींतलें पेट्रोल आपल्याच वजनानें खालीं उतरून एंजिनाला मिळे. त्यामुळें टांकी भरत आलेली नसली कीं उभ्या चढावर एंजिन उपाशी राही. यावर तेथील शेतकऱ्यांनीं युक्ति काढली होती. ते मोटार उलटी वळवीत आणि पाठमोरी चढ चढवीत. जिचा दोष माणसाला असा तोंडपाठ असतो, तिचा भरंवसा वाटतो. ही मोटार चिखलांतून गेली, खाचखळग्यांतून गेली, आणि घरच्या घरीं पान्ह्यानें दुरुस्त झाली.

१९१३ सालीं फोर्ड यांनीं हायलंड पार्क येथील कारखान्यांत सरकत्या पट्ट्यावर जुळणी सुरू केली. ज्या सांगाड्याच्या जुळणीस पूर्वीं साडेबारा तास लागत, तो पुढें सुमारें दीड तासांत जुळूं लागला. किंमत उतरत उतरत १९२५ सालीं सर्वांत साध्या नमुन्यास २६० डॉलरांवर आली. मात्र १९१४ पासून १९२५ पर्यंत रंग एकच, काळा. फोर्ड यांचा विचार सरळ होता. माणसाला जें हवें तें आपण दिलें आहे. तें टिकाऊ आहे, स्वस्त आहे. आतां याहून निराळें तो कशाला मागेल?

परंतु माणसानें मागितलें. १९२३ सालीं आल्फ्रेड स्लोन हे जनरल मोटर्सचे अध्यक्ष झाले. त्याच सुमारास लवकर वाळणारा एक नवा रंग निघाला आणि मोटारी निळ्या, हिरव्या, तांबड्या होऊन रस्त्यावर आल्या. स्लोन यांनीं दरवर्षीं मोटारीचें रूप थोडें थोडें बदलण्याची पद्धत रुळविली, म्हणजे गेल्या वर्षींची मोटार यंदां शेजाऱ्याच्या मोटारीपुढें जुनी दिसावी. तिच्यांत बिघाड झालेला नसे; फक्त ती जुनी दिसे. शिवाय हप्त्यांनीं पैसे फेडण्याची सोय होती. ज्यांनीं पहिली मोटार गरज म्हणून घेतली होती, ते दुसरी मोटार हौस म्हणून घेऊं लागले होते. मॉडेल टीचा खप उतरला. २६ मे १९२७ रोजीं दीड कोटीवी मॉडेल टी कारखान्यांतून बाहेर पडली, आणि त्याच सुमारास तिचें उत्पादन बंद झालें. नव्या नमुन्याची तयारी करण्यासाठीं कारखान्याचें काम कित्येक महिने थांबवावें लागलें. जी मोटार कधीं हरली नाहीं, ती लोकांच्या कंटाळ्यापुढें हरली.

याच इतिहासांत चार्ल्स केटरिंग हे दुसरे एक गृहस्थ आढळतात. पूर्वीं मोटार चालू करावयाची म्हणजे पुढें उभें राहून हँडल फिरवावें लागे, आणि तें उलट फिरलें तर मनगट मोडे. केटरिंग यांनीं विजेवर मोटार चालू करण्याची युक्ति सिद्ध केली व १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत ती आली. पुढें जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख असतांना १९२९ सालीं त्यांनीं एक लेख लिहिला. ग्राहकाला असंतुष्ट ठेवा, असा त्याच्या मथळ्याचा अर्थ. पहिल्या वाचनांत मला हा अधर्म वाटला. मग विचार केला कीं, हँडल फिरविण्याचा कंटाळा कोणास आलाच नसता तर आज आपण सर्वजण मनगटें बांधूनच हिंडत असतों. म्हणजे कंटाळा हा सर्वस्वीं दुर्गुण नव्हे. अडचणीचा कंटाळा माणसाला पुढें नेतो. प्रश्न उरतो तो सोयीच्या कंटाळ्याचा. जेथें कांहीं खुपत नाहीं तेथें तो कां यावा?

याचें उत्तर आपल्या घरांतच आहे. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आपणांस ऐकूं येत नाहीं. ती थांबली कीं मात्र आपण दचकतों. बोटांतली अंगठी बोटाला जाणवत नाहीं. जें सतत आहे त्याची नोंद घेण्याचें मन सोडून देतें, आणि तें योग्यही आहे, नाहीं तर दुसऱ्या कशाकडे लक्ष द्यावयास त्याला सवड राहणार नाहीं. घोटाळा होतो तो पुढें. ज्याची नोंद आपण घेत नाहीं, त्याला कांहीं मोलच नाहीं असें आपण समजूं लागतों. मुंबईकर श्रोत्यांना पद्मिनी टॅक्सी आठवत असेल. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं काढलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती तयार होई. चार दशकांहून अधिक काळ मुंबईकर त्या काळ्यापिवळ्या मोटारींत बसले, आणि तिच्या दाराला, गादीला व उकाड्याला नांवें ठेवीत उतरले. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून रस्त्यावर राहिली नाहीं. त्या आठवड्यांत तिच्यासाठीं किती जणांचे डोळे पाणावले! तींच दारें, तीच गादी. पण टिकटिक थांबली होती.

हें सारें वाचून मी शहाणा झालों असें आपण समजूं नये. वाचनानें आलेलें शहाणपण ओट्यापर्यंतच टिकतें. मीं मोटार विकावयाचें ठरविलें आणि गॅरेजच्या मिस्त्रीला गिऱ्हाईक पाहावयास सांगितलें.

चार दिवसांनीं सकाळीं एक गृहस्थ आले. वय पस्तीस-चाळीस, अंगांत साधा सदरा. त्यांनीं वांकून नमस्कार केला व म्हणाले, "गुरुजी, ओळखलं का?" मीं ओळखलें नाहीं. शिक्षकानें अशा वेळीं करावयाचें नाटक मीं केलें. हंसलों, "अरे वा," म्हटलें, आणि पुढें नांव येईल म्हणून वाट पाहिली. त्यानें नांव सांगितलें, गांव सांगितलें, साल सांगितलें. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीं त्या गांवीं मी खरोखरच होतों. त्या वर्गांतला शिष्यवृत्ति मिळविणारा मुलगा मला आठवत होता. माझ्या टेबलाच्या खणांत बेडूक ठेवणारा तर नांवगांवासकट आठवत होता. हा मात्र कांहीं केल्या आठवेना.

तो आतां दूध संकलन केंद्रावर कामाला आहे. त्याच्या आईचीं मूत्रपिंडें निकामी झालीं आहेत. आठवड्यांतून तीन वेळां तिला डायलिसिससाठीं साताऱ्यास आणावें लागतें. पहांटे निघावयाचें, दुपारीं परत न्यावयाचें. त्या वेळेला एस्. टी. नाहीं. भाड्याची जीप कधीं येते, कधीं येत नाहीं; एकदां तर ती अर्ध्या वाटेंत बंद पडली आणि दोन तास माय-लेकरें रस्त्याच्या कडेला बसलीं. हें त्यानें तक्रारीच्या सुरांत सांगितलें नाहीं. हिशेब सांगावा तसें सांगितलें. मग त्यानें दोनच प्रश्न विचारले. थंडींत पहांटे पहिल्या झटक्याला चालू होते का, आणि चढावर दम सोडते का.

मीं खरें तें सांगितलें. पण विकणाऱ्याच्या मनांत एक संकोच असतो, त्यापायीं म्हटलें, "गाडी चांगली आहे बाबा, पण कंटाळवाणी आहे हो."

तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "गुरुजी, चार महिने रोज कायतरी नवीनच बघतोय. आता जरा कंटाळाच पाहिजे."

श्रोतेहो, मी छत्तीस वर्षें फळ्यापुढें उभा राहिलों. परंतु एवढ्या थोड्या शब्दांत इतका नेमका धडा मीं कधीं दिला असेल असें मला वाटत नाहीं.

चहा घेतांना मीं त्याला मोकळेपणानें सांगितलें कीं, तूं मला आठवत नाहींस, याचें मला वाईट वाटतें. तो म्हणाला, "कसा आठवेन गुरुजी? मी कधी काही केलंच नाही. माझ्या प्रगतिपुस्तकावर तिन्ही वर्षं तुमचा एकच शेरा आहे, समाधानकारक." मग जरा हंसून त्यानें आणखी एक सांगितलें. त्याचें घर शाळेला लागून होतें, म्हणून शाळेची किल्ली त्याच्याकडे असे. पांचवीपासून सातवीपर्यंत तो रोज सकाळीं दार उघडी, वर्ग झाडी आणि पाण्याचा माठ भरून ठेवी.

तें ऐकतांच मला ती शाळा आठवली. एस्. टी.तून उतरून मी पायवाटेनें जात असें, आणि लांबूनच शाळेचें उघडें दार दिसे. तीन वर्षांत तें एकही दिवस बंद सांपडलें नाहीं, म्हणूनच तें कोण उघडतो हा विचार माझ्या मनांत एकदांही आला नाहीं. एखादे दिवशीं तो मुलगा उठला नसता आणि मी पावसांत दाराशीं तिष्ठत राहिलों असतों, तर त्याचें नांव मला जन्मभर लक्षांत राहिलें असतें. त्यानें मला ओळख ठेवण्याची संधिच दिली नाहीं. आणि या गुणाबद्दल मीं त्याला 'समाधानकारक' असा शेरा दिला. खोड्या करणाऱ्या मुलांच्या पुस्तकांवर मीं चार-चार ओळी लिहिल्या आहेत.

मोटार त्याला दिली. किंमत दलालानें सांगितली होती त्याहून थोडी कमी घेतली. त्यांत उपकाराचा भाग नव्हता. जुनें कांहीं देणें होतें, त्यांतलें थोडें वळतें केलें, एवढेंच. जातांना तो मोटारींत बसला, त्यानें किल्ली फिरविली, आणि ती नेहमींप्रमाणें पहिल्या झटक्याला चालू झाली. तो आवाज मीं हजारों वेळां ऐकला होता; त्या दिवशीं प्रथमच कान देऊन ऐकला.

त्यानंतरचे आठ दिवस फार शिकवून गेले. दाराशीं मोटार नव्हती. सौभाग्यवतीला पायाच्या दुखण्यासाठीं डॉक्टरांकडे न्यावयाचें होतें. रिक्षा मिळावयास अर्धा तास लागला. बाजारांतून तांदूळ आणावयाचा होता. तो चार खेपांत आला. मी ओट्यावर बसून रिकाम्या जागेकडे पाहत असें, आणि मनांत येई कीं, कंटाळा मोटारीचा नव्हताच. मला जावयाचें कोठें नव्हतें, त्याचा तो कंटाळा होता. माणसाला आपल्या आयुष्याचा उबग आला कीं तो पहिल्यानें अशा वस्तूवर राग काढतो, कीं जी उलट बोलत नाहीं. पुष्कळ घरांतून वस्तूच्या जागीं माणूसही असतो, हें आपणांसारख्या जाणत्या श्रोत्यांना मीं सांगावयास नको.

आतां पुढें काय केलें, तें सांगून संपवितों. बँकेंतल्या रकमेंतून पहिल्यानें माजघराचें छत दुरुस्त करून घेतलें. उरलेल्या पैशांत एक मोटार घेतली. जुनीच, एका घरानें नीट वापरलेली. कोणती म्हणाल, तर हुबेहूब तीच. तेंच नांव, तोच बांधा, मागें दोन पोतीं तांदूळ मावणारी. फक्त रंग निराळा. सौभाग्यवती म्हणाली, "या वेळीं राखी नको," आणि तिनें लाल निवडला. फोर्ड यांना जें १९२५ पर्यंत मान्य झालें नाहीं, तें आमच्या घरांत एका वाक्यांत मान्य झालें. कंटाळ्याला थोडी खंडणी द्यावी. ती रंगाची द्यावी, भरंवशाची देऊं नये, असा मीं त्यावरून धडा घेतला आहे.

गेल्या महिन्यांत यवतेश्वराच्या घाटांत समोरून माझी राखी मोटार येतांना दिसली. पुढें तो, मागें उशीला टेकून त्याची आई. त्यानें दिवा लुकलुकवून मला नमस्कार केला. धुकें होतें, तरी राखी रंग मला लांबूनच ओळखूं आला.

लाल मोटार अजून नवी वाटते. सकाळीं ओट्यावर आलों कीं नजर प्रथम तिच्याकडे जाते. हें असें फार दिवस टिकणार नाहीं, तें मी जाणून आहें. एक दिवस तिच्याकडे लक्ष जाईनासें होईल. त्या दिवशीं मी एवढें करणार आहें, तिच्या बॉनेटवर एकदां हात ठेवून म्हणेन, "बाई, तुझें काम उत्तम चाललें आहे." आणि 'समाधानकारक' हा शेरा मात्र यापुढें कोणालाही देणार नाहीं.